जावई नावाचा बुंधा

कुऱ्हाडीला पाणी देताना बोलायचं नसतं. हा आमच्या घरातला नियम. या नियमामुळेच मला या घरात पसंत केलं. नाहीतर पसंत करण्यासारखं माझ्यात दुसरं काय होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मला पाहायला आले तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, विचारलं, "नाव काय, बाळ?" माझे ओठ हलले, पण आवाज आला नाही. आई मागून चिमटे काढत होती. शेवटी मामा मध्ये पडला. "मुकी नाही हो. बोलते. जरा वेळ लागतो."

"किती वेळ?" आबांनी विचारलं.

"एक-दोन वर्षं."

"मग पसंत," आबा म्हणाले.

लग्नानंतर कळलं की आबांना सून नको होती, पाणी द्यायला माणूस हवं होतं. लोहाराचं घर. दिवसभर भात्याची घरघर आणि ऐरणीवर घणाचे घाव, त्यामुळे सगळ्यांना ओरडून बोलायची सवय. जेवताना मीठ मागितलं तरी समोरच्या टपरीवाल्याला कळायचं. सासूबाई तर श्वास घ्यायलाही थांबत नसत. अशा घरात पाणी देताना गप्प राहणारं कोणीच नव्हतं. आबांना स्वतःलाही ते जमायचं नाही. दुसऱ्याला "बोलू नको" म्हणून सांगण्यातच त्यांचा नियम मोडायचा.

पाणी देणं म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तसं हे लिहिलेलं मी कोणाला दाखवणार नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमची कुऱ्हाड ट्रकच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्याची. उल्हासनगरच्या भंगारातून पाटा आणायचा, तापवायचा, ठोकून आकार द्यायचा. आकार आला तरी ती अजून कुऱ्हाड नसते. मऊ असते, लाकडावर मारली तर धार पुरणपोळीसारखी दुमडते. म्हणून पातं लाल करून नुसती धार पाण्यात बुडवायची. आता ती कडक होते, पण इतकी कडक की काचेसारखी कपचे उडून तुटेल. म्हणून लगेच बाहेर काढायची, धारेवर विटकर घासून तिला चमकवायची आणि बघत बसायचं. पात्याच्या अंगात अजून गरमी असते, ती हळूहळू धारेकडे उतरते आणि धारेवर रंग येतात. आधी गव्हाळ, मग बदामी, मग जांभळा, मग मोरपंखी. कांदा परततो तसंच. जरा लक्ष हललं की गेला. कुऱ्हाडीला बदामी संपून जांभळा डोकावला की सगळं पातं पाण्यात घालायचं. माथा मऊ राहतो, धार कडक राहते. झालं पाणी.

हे होईपर्यंत पाणी देणाऱ्यानं बोलायचं नाही. पाण्यात शब्द पडला तर धार फुटते, असं आबांच्या आबांनी सांगून ठेवलं होतं. बाकीच्यांनी बोलायला हरकत नव्हती. हे बाकीच्यांनीच ठरवलं होतं.

शेडमध्ये दगडाची पाण्याची डोणी आहे. तिच्याजवळचा पाट ही माझी जागा. घरात इतरत्र कुठेही बसलं की कोणीतरी म्हणायचं, "अगं, काहीतरी बोल की." डोणीजवळ कोणी म्हणत नसे. तिथे न बोलणं हा गुण होता. माहेर सुटलं त्याचं दुःख मी त्या पाटावर बसून विसरले.

आमची शेड अंबरनाथहून बदलापूरला जाताना चिखलोलीच्या अलीकडे. मागे भाताची खाचरं होती, आता टॉवर आहेत. स्टेशन होणार आहे म्हणतात. होईल तेव्हा होईल, समोरच्या टपरीवाल्यानं पाटीवर 'स्टेशनजवळ' असं आधीच लिहून ठेवलंय. टॉवर आले तशी कुऱ्हाडीची गिऱ्हाइकं कमी झाली. आता जास्त करून दगड फोडायच्या ब्रेकरच्या छिन्न्या येतात. त्यांनाही पाणी लागतंच, पण छिन्नीला पाणी देणं म्हणजे शाळेच्या डब्याला भाजी करणं. कुऱ्हाड म्हणजे पंगत.

कुऱ्हाडीची जी गिऱ्हाइकं उरली त्यांचे प्रकार बघावे. वांगणीला फार्महाउस घेतलेले एक साहेब आले. म्हणाले, "कुऱ्हाड हवी, पण दिसायला जुनी. आणि धार नको."

आबा तेव्हा खुर्चीवर बसूनच सगळा कारभार बघायचे. ते म्हणाले, "धार नको तर कुऱ्हाड कशाला?"

"भिंतीवर लावायची आहे. मिसेसला धारेची भीती वाटते."

"मग भिंतीवर कॅलेंडर लावा," आबा म्हणाले. "त्यालाही धार नसते, आणि तारीख कळते."

आमच्या ह्यांनी ती ऑर्डर घेतली. बिनधारेची कुऱ्हाड करून दिली. आबा दोन दिवस आमच्या ह्यांच्याशी बोलले नाहीत. घरात इतकी शांतता मी त्याआधी पाहिली नव्हती.

आता मुख्य गोष्ट. उल्हासनगरला टहलसेठची लाकडाची वखार आहे. हॉटेलांच्या तंदूरला, लग्नाच्या आचाऱ्यांना आणि स्मशानात, तिन्हीकडे त्यांचं लाकूड जातं. त्यातलं शेवटचं गिऱ्हाईक कधी तक्रार करत नाही. त्याची उणीव टहलसेठ स्वतः भरून काढायचे. जगातल्या कोणत्याही वस्तूबद्दल त्यांची तक्रार असायची, पण माणूस मनानं साखरेचा.

त्यांच्या वखारीत चिंचेचा एक बुंधा होता. आडवातिडवा वाढलेला, अंगभर गाठी, वाळून लोखंड झालेला. कोणाला फुटत नव्हता. बाजारच्या कितीतरी कुऱ्हाडींच्या धारेचे दात त्यात अडकून राहिले होते, ऊन पडलं की दिसायचे. वखारीतल्या लोकांनी त्याचं नाव जावई ठेवलं होतं. जागेवरून हलत नाही, येईल ते खातो, आणि त्याला कोणी काही करू शकत नाही.

टहलसेठ शेडमध्ये आले आणि आबांना म्हणाले, "साईं, ऐसी कुल्हाडी बनाओ जो मेरे जमाई को काटे. काटा तो लूंगा. नहीं काटा तो चाय पिके वापस जाऊंगा."

"चहा आधीच प्या," आबा म्हणाले. "नंतर तुम्हाला कुऱ्हाड उचलायची आहे."

आमच्या ह्यांनी जाड पाटा निवडला. घण मी मारला. आमच्यात घण बायकाच मारतात, हातोडा धरून जागा दाखवायचं काम पुरुषांचं. बाहेरच्यांना वाटतं हातोडेवाला काम करतोय. आमच्या ह्यांनाही तसंच वाटतं.

पाणी द्यायचा दिवस रविवार होता, तिथेच घोळ झाला. माझे धाकटे दीर, बाळूभावजी, अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत भट्टीवर आहेत. तिथे लोखंड तेलात बुडवतात आणि गरमी मीटरवर बघतात. रविवार म्हणून ते आणि जाऊबाई मंदा घरी आले होते. टहलसेठही आले, त्यांना कुऱ्हाड जन्मताना बघायची होती.

पातं तापत होतं. बाळूभावजी आमच्या ह्यांना सांगत होते, "दादा, आता पाण्याचा जमाना गेला. कुऱ्हाडी माझ्याकडे देत जा, कंपनीच्या शेजारी एकजण बाहेरची कामं घेतो. वहिनीला पण आराम."

"कुऱ्हाडीचं पाणी या डोणीतच होणार," आबा खुर्चीतून ओरडले.

"आबा, तेलाला डोणीबिणी लागत नाही."

टहलसेठचा मोबाइल वाजला. ते सिंधीत कोणालातरी बाभळीचा ट्रक का आला नाही ते विचारू लागले, आणि उल्हासनगरला मोबाइलशिवायही ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. मंदा घरातून ओरडली, "चहा कोणाकोणाला? आणि बिनसाखरेचा कोणाला?" टहलसेठ मोबाइलवरच म्हणाले, "मेरा फीका," आणि पलीकडच्याला ते समजेना. आमचे हे म्हणाले, "मंदा, दूध तापवून घे, काल नासलं होतं." बाळूभावजी म्हणाले, "मीटर म्हणजे काय, तर..."

माझ्या सांडशीत पातं लाल झालं होतं. पिकल्या करवंदाच्या आतला लाल असतो ना, तस्सा. तो रंग मिनिटभरही थांबत नाही. मला काहीच ऐकू येत नव्हतं, कारण सगळंच ऐकू येत होतं.

आणि मी म्हणाले, "गप्प बसा सगळे."

मोठ्यानं म्हणाले. मलाच दचकायला झालं. धार पाण्यात घातली. चर्र आवाज आला आणि त्यानंतर काहीच आवाज आला नाही. टहलसेठनी मोबाइल छातीशी धरला होता. मंदा दारात चहाची गाळणी घेऊन उभी होती, त्यातून थेंब पायावर पडत होते तरी हलली नाही. मी विटकर घासली. गव्हाळ आला. बदामी आला. इतक्या शांततेत मी कधी रंग पाहिले नव्हते. बदामीच्या कडेला जांभळा डोकावला आणि मी पातं पूर्ण बुडवलं.

मग आबा म्हणाले, "बोलली."

आमचे हे म्हणाले, "आबा, एवढं काय..."

"पाण्यात शब्द पडला. एक नाही, तीन. ही कुऱ्हाड गेली. भंगारात टाक."

"टाकायची कशाला," बाळूभावजी म्हणाले. "उद्या जावयावर मारून बघू. फुटली तर पुढच्या कुऱ्हाडींचं पाणी माझ्याकडे. आबा, मंजूर?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंजूर. जिथे नियमच राहिला नाही, तिथे डोणी काय आणि तेल काय."

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? माझाही नियमावर विश्वास होता. रात्री भाकऱ्या थापताना एकच विचार मनात येत होता. डोणी गेली तर मी बसू कुठे? स्वयंपाकघरात मंदा येऊन बोलत बसते, ओट्यावर शेजारणी. दुसरी जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाळूभावजींनी सुट्टी टाकली. टेम्पोतून सगळे निघाले. मी कधी कुऱ्हाड तपासायला जात नसे, पण आबा म्हणाले, "तूही चल. बोललीस ना, मग बघायला ये." आबांना पुढच्या सीटवर बसवलं. कुऱ्हाड माझ्या मांडीवर होती, पोत्यात गुंडाळून.

वखारीत गर्दी जमली होती. शेजारच्या दुकानदारांनी खुर्च्या आणल्या होत्या. मी लाकूड मोजायच्या मोठ्या काट्याच्या आड उभी राहिले. वखारीत लाकडं फोडणारा रामआसरे पुढे आला, त्यानं हातावर थुंकी लावली, जावयाच्या पाया पडला आणि पहिला घाव घातला.

ठण्ण झालं. आबांनी चष्मा लावून धार बघितली. शाबूत होती. दुसरा घाव. लाकडाची कपची उडाली. टहलसेठ म्हणाले, "थोडा तो कटा, पर आवाज अच्छा नहीं आया." तिसऱ्या वेळी रामआसरेनं सगळं अंग झोकून दिलं. कुऱ्हाड मोठ्या गाठीत शिरली, आणि काहीतरी उडालं आणि टहलसेठच्या चहाच्या ग्लासात टुबुक् करून पडलं.

टहलसेठनी दोन बोटांनी ते बाहेर काढलं. पोलादाचा तुकडा.

"छा थियो?" मागून कोणीतरी विचारलं, म्हणजे काय झालं.

"धार फुटली," बाळूभावजी म्हणाले. खोटं सांगणार नाही, त्यांचं तोंडही उतरलं होतं.

"सांगितलं होतं," आबा म्हणाले. "शब्द पडला होता."

आणि सगळे एकदम बोलू लागले. कोणी म्हणे पाटा खराब, कोणी म्हणे रामआसरेनं तिरकी मारली. रामआसरे म्हणे, "हम तो सीधा मारे हैं." टहलसेठ चहाबद्दल तक्रार करत होते. रामआसरे आणि आमचे हे कुऱ्हाड ओढून काढायला बघत होते, धार बघायला. पण ती रुतून बसली होती. दोघांनी मिळून जोर लावला तसा दांडा कडकन मोडला आणि दोघे भुशात जाऊन पडले. दांडा आमच्या ह्यांनी केला होता. पातं जावयाच्या पोटातच राहिलं. आता धार कोणाला दिसणार?

मला टहलसेठच्या बोटांतला तुकडा दिसत होता. मी म्हणाले, "त्याला गंज आहे."

कोणी ऐकलं नाही. परत म्हणाले. मग काट्याच्या आडून बाहेर आले. का आले ते माहीत नाही, पाय आले.

"गप्प बसा सगळे."

वखार गप्प झाली. रस्त्यावरचा रिक्षावालाही थांबला, तो नंतर म्हणाला की त्याला वाटलं त्यालाच सांगितलं.

"तुकडा गंजलेला आहे," मी म्हणाले. "आपली कुऱ्हाड कालची आहे."

टहलसेठनी तुकडा डोळ्यांजवळ नेला. मग त्यांचा चेहरा फुलला. "अरे, ये तो मेरा है! पिछले साल की कुल्हाडी का दांत. जमाई ने खाया था, आज निकाला."

"मग आपली फुटली की नाही?" बाळूभावजींनी विचारलं.

ते कळायला एकच रस्ता होता. जावयाला फोडायचं. टेम्पोत घण होता. मी पदर खोचला आणि तो आणला. आमचे हे भुसा झटकत म्हणाले, "अगं, इथे? सगळ्यांसमोर?" पण मी आधीच घण उचलला होता, आणि उचललेला घण खाली कुठेतरी मारावाच लागतो. कुऱ्हाडीच्या माथ्यावर मारला. माथा मऊच ठेवलेला असतो, त्याला काही होत नाही. मला समोरची माणसं दिसत नव्हती, माथा दिसत होता. तीन-चार घावांत जावयाच्या पोटात करकर ऐकू आली. पुढच्या घावाला तो दुभंगून दोन्हीकडे पडला आणि कुऱ्हाड जमिनीवर आली.

आबांनी ती पुसली. अंगठा धारेवरून आडवा फिरवला. मग म्हणाले, "हात."

आमच्याकडे धारेची शेवटची परीक्षा हातावरचे केस काढून होते. आमच्या ह्यांनी डावा हात पुढे केला, पण त्यावर केस कुठले? वर्षानुवर्षं तिथेच परीक्षा होते, हात बाळाच्या गालासारखा झालाय. आबांनी बाळूभावजींकडे पाहिलं.

"आबा, नको. कंपनीत विचारतील."

"सांग, मीटरनं मोजलं."

बाळूभावजींच्या हातावर रुपयाएवढी जागा एका फटक्यात साफ झाली. त्यांनी स्वतःच त्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, डोणी तुमची."

टहलसेठनी कुऱ्हाड घेतली, पण खुश होऊन नाही. दुभंगलेल्या बुंध्याकडे बघत म्हणाले, "अब मेरे पास दिखाने को क्या रहा?" दोन आठवडे ते येणाऱ्याजाणाऱ्याला दोन्ही अर्धे दाखवत होते. मग ते अर्धे तंदूरला गेले. आता दुसरा जावई आणलाय म्हणतात, खैराचा.

त्यानंतरच्या पाण्याच्या वेळी गंमत झाली. वांगणीकडच्या एका शेतकऱ्याची कुऱ्हाड होती. मी पातं लाल करून डोणीजवळ आणलं. शेडमध्ये चिडीचूप. मी पाण्यात घालणार, तोच आबा म्हणाले, "थांब. बोल."

मी पातं पाण्याच्या वर तसंच धरलं.

"परवाचं बोल. त्याशिवाय घालू नको."

पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम आबांनी खुर्चीत बसल्या बसल्या उलटा केला, आणि वर मंदाला सांगितलं की मूळ नियम असाच होता, मधल्या लोकांना नीट समजला नव्हता. तेव्हापासून प्रत्येक पाण्याला मला "गप्प बसा सगळे" म्हणावं लागतं. ज्या एका जागेवर बोलावं लागत नव्हतं, नेमकं तिथेच. छिन्नीलासुद्धा. टॉवरवरची कामगार मुलं छिन्न्या घेऊन येतात ती आता दारातच मोबाइलचा आवाज बंद करतात.

आबांना हल्ली शेडमध्ये येता येत नाही. आत खाटेवर असतात. भात्याचा आवाज थांबला की आतून विचारतात, "बोललीस का?" मी म्हणते, "बोलले." मग पातं पाण्यात घालते. त्यांच्या विचारण्याशिवाय मलाही आता चैन पडत नाही.

मागच्या आठवड्यात एक कोयता होता. आमचे हे बाहेर गेले होते, मी एकटीच. कोयता लाल झाला. मी म्हणाले, "गप्प बसा सगळे." आणि आतून आवाजाची वाट बघितली. आवाज आला नाही. सांडशी हातात, कोयत्याचा लाल रंग उतरत चाललेला. परत थोडं थांबले. आत काहीच नाही. सांडशी तशीच टाकली आणि आत धावले.

आबा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. डोळे टक्क उघडे, एक हात तोंडावर.

"आबा! बोलला का नाहीत?"

त्यांनी हात काढला नाही. हातामागूनच पुटपुटले, "तूच म्हणालीस ना, सगळे."

बाहेर आले तोवर कोयता गार झाला होता. परत तापवला.